महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : संस्था उभारली, संस्था सोपविली

निवासी शाळेच्या फलकावर ती कोणासाठी आहे, हे ठळकपणे लिहिलेले असते. ती कोणी चालवावी, हा प्रश्न मात्र फलकावर कधीच नसतो. महाराष्ट्रात अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी ज्या स्पृश्य कार्यकर्त्याने सर्वांत मोठी संस्था उभारली, त्याला या प्रश्नाला सामोरे जावेच लागले. म्हणूनच विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र या स्मरणिकेत असावे, असे आम्हांस वाटले.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे एका मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राचे अध्ययन केले. पाली भाषा व बौद्ध धर्म यांकडेही ते तेव्हाच वळले. परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. परंतु प्रार्थना मंदिराच्या भिंतींत त्यांचे मन रमले नाही. १९०५ साली अहमदनगरजवळील भिंगार येथे महार बांधवांच्या रात्रीच्या सभेस ते गेले आणि त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे शाळा उघडून त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीची स्थापना केली. हीच संस्था डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने ओळखली गेली. अध्यक्षपदी नारायण चंदावरकर होते. शिंदे यांनी मात्र घरदार मिशनमध्येच आणले. त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी वसतिगृहाच्या कामाला वाहून घेतले. दुरून दान देणे आणि मुलांच्या सोबतीने राहणे यांतील अंतर किती मोठे असते, हे वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पुढे पुण्यात होळकर संस्थानाच्या देणगीच्या साहाय्याने अहल्याश्रम उभा राहिला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते.

इथवरची कथा सरळ आहे. पुढील कथा अवघड असून स्मरणिकांतून ती सहसा वगळली जाते.

कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत, हा प्रश्न १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी त्यांचे स्वतःचे मतदारसंघ मागितले. मिशनची भूमिका याहून वेगळी होती. प्रतिनिधींची निवड अस्पृश्यांच्या मतांऐवजी इतरांच्या हाती ठेवणारी सूचना तीत होती. आमच्या कळंबवरून जाणारा रस्ता ज्या नागपूरला पोहोचतो, त्याच नागपुरात १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली आणि तिने मिशनच्या या सूचनेचा निषेध केला. आमच्या मते परिषद योग्यच होती. ज्याने शाळा काढली त्याला मुलांचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. मात्र शिंदे यांचा हेतू अशुद्ध होता, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. त्याच वर्षी मराठ्यांसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडणूक लढविण्याचे त्यांनी नाकारले, सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले आणि पराभूत झाले. जातीच्या नावाने स्वतःसाठीही काही मागावयाचे नाही, हे त्यांचे तत्त्व होते. ज्यांना जातीच्या नावानेच पाणवठ्यावरून हाकलले जात होते, त्यांना हे तत्त्व परवडणारे नव्हते, एवढेच.

१९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले आणि व्यवस्था अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती गेली. सतरा वर्षे रक्त आटवून वाढविलेली संस्था हयातीतच, हातीपायी धड असताना सोडणारे संस्थापक आम्हांस फार आढळले नाहीत. संस्थांचा वारसा घरातच राहावा म्हणून चाललेली धडपड आज आपण सर्वत्र पाहतोच.

दुसऱ्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या अध्यक्षपदी चिमणलाल सेटलवाड होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद मात्र बाबासाहेबांनी स्वतःकडे ठेवले. सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले.

शिंदे यांचा शोध मिशन सोडल्यावरही थांबला नाही. १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात जाऊन आले. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. १९३३ साली त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याच्या नाना पेठेत अहल्याश्रम आजही आहे.