संत गोन्सालो गार्सिया : घर आणि पाचारण

आमच्या बाळकुमाजवळून वाहणारे उल्हासाचे पाणी घोडबंदरावरून पश्चिमेस जाऊन वसईच्या किल्ल्यापाशी समुद्रास मिळते. त्याच वसईत सन १५५७ च्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया जन्मास आले. पिता पोर्तुगीज शिपाई, माता येथलीच, कोकणची. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती.

बापाची भाषा एक व आईची दुसरी, अशा घरातील लेकरू बोलू लागताच दुभाषा होते. एकाचे मन दुसऱ्यास कळविणे हा त्याचा नित्याचा खेळच असतो. गोन्सालोंच्या पुढील आयुष्याचे बीज आम्हांस याच खेळात दिसते.

पुढे ते वसईच्या येशूसंघीय पाद्रींच्या शाळेत शिकू लागले. तेथे फादर सेबास्तियन गोन्साल्व्हिस यांच्या रूपाने त्यांस जणू दुसरा पिताच लाभला. गुरूंचा लळा इतका लागला की, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास आईबापांचे घर सोडून ते पाद्रींसमवेत जपानास गेले. जपानी भाषा त्यांनी लवकरच आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली.

आपणही येशूसंघात प्रविष्ट व्हावे ही त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु ती मान्य झाली नाही. हिंदी मातेच्या पोटी जन्मलेल्यांस प्रवेश देण्यास धर्मसंस्था त्या काळी नाखूश असत. ज्या मातेच्या कुशीत पहिली प्रार्थना शिकावी, तिचेच रक्त आड यावे, याहून कडू घोट कोणता? गोन्सालो व्यापारात शिरले. धन मिळाले, परंतु मनास शांती मिळेना. अखेर ते मनिला येथे गेले व फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले.

सन १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानास गेले, तेव्हा दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालोंसच सोबत घेण्यात आले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी त्यांनी आपल्या बंधूंची बाजू मांडली. दोन भाषांच्या घरात वाढलेले लेकरू दोन राष्ट्रांमध्ये उभे राहिले! ज्या जन्मामुळे एक दार मिटले होते, त्याच जन्माचे देणे येथे प्रभूच्या कामी आले.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. डिसेंबर १५९६ मध्ये त्यांस अटक झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून, ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर त्यांनी प्राणार्पण केले. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या रक्तसाक्ष्यांस संतपद दिले.

आईबापहो, पाचारण केवळ कुलीन वा सुखवस्तू घरातच येते, असे मानू नका. घर दोन जातींचे असो, दोन भाषांचे असो, लोक त्यास काहीही म्हणोत. त्या घरातील माया व अडचण ही दोन्ही प्रभूची हत्यारे होत. लेकराने निघण्याची वेळ आली, तर त्यास अडवू नका. वसईच्या एका घराने आपला मुलगा जाऊ दिला, म्हणून आज आम्हांस आमच्याच पाण्याकाठचा एक संत लाभला आहे.