डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर

डनलॉप म्हटलं की आपल्याला टायर आठवतो, माणूस नाही. मलाही आठवत नव्हता. आमच्या नानांची सायकल अडली नसती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

आमचं गाव धुळे तालुक्यात. नाना रोज पहाटे किटल्या लावून सायकलने धुळ्याला दूध घालतात. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. गेल्या सुट्टीत मी सायकलला हब मोटर आणि बॅटरी बसवली. खान्देशातले बाभळीचे काटे तुम्हाला माहीतच आहेत, म्हणून टायर भरीव घातले. पंक्चरची कटकटच नको! पण परतीच्या वाटेवर बॅटरी संपायची आणि नाना ती जड सायकल रेटत घरी यायचे. बोलले काहीच नाहीत, पण मला इकडे जळगावला मेसचं जेवण गोड लागेना.

कारण शोधता शोधता डनलॉप भेटला. जॉन बॉइड डनलॉप १८४० साली स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी जन्मला. शिकला गुरांची डॉक्टरकी, इंजिनिअरिंग नव्हे! पुढे आयर्लंडमध्ये बेलफास्टला त्याचा व्यवसाय जोरात चालला. त्याच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराचे टायर होते. दगडी रस्त्यावर नुसती खडखड. १८८७ मध्ये त्याने रबराच्या पातळ शीटची नळी केली, लाकडी चकतीभोवती कापडाने बांधली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात आधी जुनं चाक सोडलं. ते थोडं जाऊन आडवं झालं. हवेचं चाक मात्र थेट फाटकावर जाऊन आपटलं. झाली की रोलिंग रेझिस्टन्सची टेस्ट!

१८८८ साली त्याला पेटंट मिळालं. (आपल्याकडे किर्लोस्कर बंधूंचं बेळगावातलं सायकलचं दुकानही त्याच सालचं.) १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हवेच्या टायरवर जिंकला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पण रॉबर्ट थॉमसनने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती, त्यामुळे डनलॉपचं पेटंट टिकलं नाही. कंपनी त्याच्या नावाने वाढत गेली, तो मात्र काही वर्षांतच तिच्यातून बाहेर पडला. १९२१ मध्ये डब्लिनला वारला. जगभर नाव झालं, पैसा त्या मानाने थोडाच मिळाला.

त्याचेही टायर पंक्चर व्हायचेच, आणि चिकटवलेले असल्याने दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी. पण म्हणून लोक भरीव रबराकडे परत गेले नाहीत. १८९० मध्ये वेल्च आणि बार्टलेट यांनी काढता-घालता येणारे टायर काढले. मी मात्र काट्याला भिऊन डनलॉपच्याही मागे गेलो होतो!

आता हिशोब बघा. चाक फिरताना रबर दबतं, सुटतं आणि तापतं. तिथेच ऊर्जा जाते. समजा एकूण वजन १२० किलो. गुणांक ०.०१५ असेल तर सुमारे १८ न्यूटन लागतात, ०.००६ असेल तर ७. बावीस किलोमीटरला हा फरक ६५ वॅट-अवरच्या वर जातो. माझी बॅटरी जेमतेम २५० ची!

मग पार्किंगच्या उतारावर पॅडल न मारता सायकल सोडून बघितली, खडूने खुणा केल्या. हवेचे टायर बरेच पुढे गेले. शेवटी पावणेदोन इंची, कमी नक्षीचे, आत काटे अडवणारा पट्टा असलेले साधे टायर घेतले. पट्टा फार जाड घेतला नाही, कारण जाड रबर पुन्हा ऊर्जा खातं. टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरायची, ती दर आठवड्याला, सकाळी टायर गार असताना तपासायची. दोन्ही मिळून भरीव टायरपेक्षा स्वस्त पडले.

पावसाळ्यात दोन पंक्चर झाले, ते नानांनीच काढले. पण आता बॅटरी घरापर्यंत पुरते. तेव्हा प्रोजेक्टसाठी टायर घ्याल तर दुकानदाराला विचारा जरूर, पण आधी चाक सोडून बघा.