रिकाम्या पुंगळीचा ध्यास : पॉल माउझर

माउझर हे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते क्रांतिकारकांच्या चरित्रांमुळे. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून 50 माउझर पिस्तुले आणि 46 हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली आणि तेव्हापासून हा जर्मन शब्द आपल्या भाषांत रुळला. मात्र ज्याच्या नावाने ते पिस्तूल ओळखले जाते, त्या माणसाचे आयुष्य पिस्तुलात गेलेच नाही. ते पिस्तूल मुख्यतः त्याच्या कारखान्यातील फेडेर्ले बंधूंची निर्मिती होती. स्वतः माउझर यांनी आयुष्यातील चाळीसहून अधिक वर्षे खर्ची घातली ती रायफलीच्या बोल्टवर, आणि त्यातही वरकरणी अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या एका प्रश्नावर: गोळी सुटल्यानंतर मागे उरलेली रिकामी पुंगळी चेंबरमधून खात्रीने बाहेर कशी काढायची?

पीटर पॉल माउझर यांचा जन्म 27 जून 1838 रोजी व्युर्टेम्बर्ग राज्यातील ओबर्नडॉर्फ या नेकर नदीकाठच्या गावी झाला. एका जुन्या मठात तेथील राजाचा बंदुकांचा कारखाना होता आणि वडील तेथेच कारागीर होते. तेरा भावंडांत पॉल सर्वांत धाकटे. शाळा संपताच तेही त्याच कारखान्यात रुजू झाले. 1859 मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्यांना लुडविग्सबर्गच्या शस्त्रागारात धाडण्यात आले. पुढे साऱ्या संशोधनात जोडीला राहिला तो चार वर्षांनी मोठा भाऊ विल्हेल्म. पॉल यांनी यंत्र पाहावे आणि विल्हेल्म यांनी व्यवहार, अशी वाटणी होती.

त्या काळी प्रशियाच्या सैन्याकडे ड्रायझेची सुईची बंदूक होती. तिचे काडतूस कागदी असल्याने बार उडताच ते जळून जाई, मागे काढण्यासारखे काही उरत नसे. परंतु जोडातून तप्त वायू निसटे आणि बारीक सुई वारंवार मोडे. पितळी पुंगळी आली आणि वायूचा प्रश्न सुटला. दारू पेटताच पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते व मागची वाट बंद करते. दाब ओसरला की ते किंचित आक्रसते आणि सुटे होते. हे आक्रसणे मात्र गृहीत धरता येत नाही. दाब प्रमाणाबाहेर गेला, तर चेंबरचे पोलादही क्षणभर ताणले जाते आणि परत मूळ जागी येताना पितळाला आवळून धरते. चेंबरमध्ये काजळी असेल, गंज असेल, पितळ हलक्या प्रतीचे असेल, तरीही पुंगळी अडते. अडलेल्या पुंगळीमागे नवे काडतूस शिरत नाही आणि सैनिकाच्या हातात उरते ती केवळ एक काठी. 17 जानेवारी 1885 रोजी सुदानमधील अबू क्ली येथे ब्रिटिश सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री रायफली ऐन हातघाईच्या वेळी अशाच अडल्या होत्या. गुंडाळलेल्या पातळ पितळी पत्र्याची पुंगळी तापलेल्या चेंबरमध्ये रुतून बसे.

माउझर बंधूंचे उत्तर बोल्टच्या फिरण्यात होते. दांडा नुसता मागे ओढला, तर हाताचे बळ थेट पुंगळीशी झुंजते. पण दांडा वर उचलून फिरविताना तो एखाद्या तिरक्या उतारावरून सरकू दिला, तर स्क्रूसारखा फायदा मिळतो. थोडक्या अंतरासाठी का होईना, पुंगळी प्रचंड जोराने मागे रेटली जाते आणि भिंतीपासून सुटते; पुढचे ओढणे मग सोपे. सॅम्युएल नॉरिस या अमेरिकी व्यापाऱ्याने त्यांना बेल्जियममधील लीएज येथे नेले आणि 1868 चे अमेरिकी पेटंट तिघांच्या नावे झाले. नॉरिसने पुढे हात आखडता घेतला, तरी 1871 मध्ये नव्या जर्मन साम्राज्याने बंधूंची एकबारी रायफल स्वीकारली. गंमत अशी, की तिच्यात पुंगळी सैल होऊन मागे येई, पण बाहेर फेकली जात नसे. सैनिकाला बंदूक तिरकी करून ती खाली पाडावी लागे. 1874 मध्ये राजाचा कारखानाच बंधूंनी बँकेच्या साह्याने विकत घेतला. 1882 मध्ये विल्हेल्म वारले आणि व्यवहाराचे ओझेही पॉल यांच्यावर आले. तेही त्यांनी निभावले. 1887 मध्ये तुर्कस्तानने पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइनची मागणी नोंदविली.

1888 मध्ये मात्र जर्मन लष्कराने धूरविरहित दारूसाठी स्वतःच्या आयोगाची रायफल निवडली आणि माउझर यांना बाजूला ठेवले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हे सर्वांत फलदायी वळण आहे. नवी दारू काळ्या दारूहून कितीतरी अधिक दाब निर्माण करी आणि पुंगळीचा प्रश्न पुन्हा उग्र झाला होता. 1889 च्या बेल्जियन रायफलीनंतर माउझर यांनी लांब पोलादी पट्टीचा आकडा बनविला. बोल्ट फिरला तरी हा आकडा फिरत नाही. मॅगझिनमधून काडतूस वर येतानाच त्याची कड आकड्याखाली सरकते, आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत ती पकड सुटत नाही. 1893 च्या स्पॅनिश रायफलीत तो दिसला. 1898 मध्ये जर्मनीने अखेर त्यांचीच रायफल घेतली. तिच्यातील आकड्याची खाच अशी तिरपी आहे, की जितके जोराने ओढावे तितकी पकड घट्ट होते. याखेरीज पुंगळी फाटलीच, तर वायूला बाजूने वाट देणारी भोके आणि जादा आधाराचे तिसरे बोंड बोल्टला दिले. सैनिकाचा चेहरा बोल्टच्या मागेच असतो, हे ते विसरले नाहीत. दैव असे, की 1901 मध्ये स्वयंचलित रायफलीची चाचणी घेताना स्फोट होऊन त्यांनाच एक डोळा गमवावा लागला. काम थांबले नाही.

हीच रचना पुढे शिकारी रायफलींत सर्वत्र पसरली. जिम कॉर्बेट यांची सुप्रसिद्ध .275 रिग्बी माउझरच्या बोल्टवरच बेतलेली होती. आजही जगभर अनेक नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या हाताने पुन्हा भरतात (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे बनविता येत नाहीत), आणि बार उडाल्यावर दांडा वर उचलेना, ही तक्रार त्यांच्यात नेहमीची. माउझर यांचा उतार इतका बलवान, की दांड्यावर तळहात मारला की तो उघडतो आणि तक्रार विसरली जाते. हे घातक आहे. रिकाम्या चेंबरवर बोल्ट सहज फिरतो का आणि कारखान्यातील काडतूस उडविल्यावर पुंगळी सुटते का, हे आधी पाहावे. सुटत असेल, तर दोष बहुधा भरणाऱ्या हाताचा आहे. पुंगळीच्या बुडावरची प्रायमरची टोपी सपाट झाली असेल, बुडावर चकचकीत ठसा उमटला असेल, तर दाब जास्त आहे. दारू कमी करणे हाच उपाय. पुंगळीची मान वाढून लांब झाली असेल, तर ती गोळीला आवळते आणि दाब चढतो. वारंवार वापरलेल्या पुंगळीची केवळ मान साच्यात दाबली आणि अंग तसेच सोडले, तर ती बुडाशी जाड राहते. कारखान्याचे काडतूसही अडत असेल, तर चेंबरमधील मळ आणि गंज शोधावा. साच्यासाठी लावलेले वंगण पुंगळीवर राहू देऊ नये, कारण मग ती भिंतीला धरत नाही आणि सारा धक्का बोल्टवर येतो. अनेक दारूंचा दाब उष्णतेने वाढतो. हिवाळ्यात नीट चाललेले मोजमाप मे महिन्याच्या उन्हात उभ्या मोटारीतून काढलेल्या काडतुसांना लागू पडेलच असे नाही.

1898 मध्ये माउझर राइशस्टागवर निवडून गेले, 1912 मध्ये त्यांना सरदारकी मिळाली. 29 मे 1914 रोजी ओबर्नडॉर्फ येथेच त्यांचे निधन झाले. सारायेव्होचा खून झाला तो बरोबर तीस दिवसांनी. पुढच्याच वर्षी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात तैग्रिसच्या काठाने बगदादकडे निघाली. तीत 103 व्या, 110 व्या आणि 117 व्या मराठा पलटणींतील जवान होते. समोरच्या तुर्की सैनिकांच्या हाती ओबर्नडॉर्फच्या रायफली होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोन येथे मोठी हानी सोसून ही डिव्हिजन मागे वळली आणि कूतमध्ये वेढली गेली. 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने हतबल झालेल्या सुमारे तेरा हजार माणसांनी तेथे शस्त्रे खाली ठेवली.