जमशेदजी टाटा आणि नागपूरची गिरणी

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड-नागपूरचा कापूस गाठी बांधून मुंबईला येई, तेथून जहाजाने इंग्लंडमधील लँकेशायरला जाई आणि कापड होऊन पुन्हा याच मुलखात विकला जाई. त्या स्वस्त कापडापुढे गावोगावचे हातमाग थंडावले. कापसाचा हा लांबचा फेरा चुकवू पाहणारे जमशेदजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईत शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत शिरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि लंडनमध्ये असलेल्या या तरुणाला पेढीचा हिशेब सावकारांपुढे मांडावा लागला.

१८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. मग लँकेशायरला जाऊन तेथील कारखाने बारकाईने पाहिले. नवी गिरणी ते मुंबईतच काढतील, असा लोकांचा होरा होता. त्यांनी नागपूर निवडले. तेथे कापूस जवळ पिकत होता, कोळसा फार दूर नव्हता आणि रेल्वे आलेली होती. त्यांनी दलदलीची जमीन भरून घेतली, तेव्हा एका सावकाराला तो मातीत सोने पुरण्याचा प्रकार वाटला व त्याने कर्ज नाकारले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

लँकेशायरची भिस्त जुन्या म्यूल यंत्रावर होती. ते चालवण्यास मुरलेला कारागीर लागे. जमशेदजींनी नवी रिंग चाती आजमावली. ती नवशिक्या कामगारालाही लवकर जमे. त्यांची धंद्यातील खरी दृष्टी येथेच दिसते. कामगार वरचेवर गैरहजर राहत, तर शिक्षेऐवजी त्यांनी बक्षिसे आणि निवृत्तिवेतन सुरू केले. जहाजधंद्यात मात्र ते हरले. चीनकडे सूत नेण्यासाठी त्यांनी जपानी कंपनीच्या साथीने जहाजे चालवली. बलाढ्य इंग्रज कंपनीने भाडे पाडताच ती बंद करावी लागली. १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, तोही लँकेशायरच्या हितासाठी.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेदजींचे निधन झाले. पहिल्या महायुद्धानंतर लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यांची गिऱ्हाइके जपानने आणि हिंदुस्थानातील गिरण्यांनी घेतली. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. वऱ्हाडात कापूस आजही पिकतो.