मनाचा प्रहर ओळखणारे अल-किंदी

बगदादमधला एक श्रीमंत व्यापारी आपल्या शेजाऱ्याबद्दल जाईल तिथे वाईट बोलायचा. शेजारी पुस्तकांत बुडालेला, ग्रीकांचे ग्रंथ वाचणारा, तारे मोजणारा. व्यापाऱ्याला त्यात काहीच कामाचे दिसत नसे. त्याचा स्वतःचा कारभार मात्र मोठा होता आणि तो सगळा मुलगा सांभाळत होता. कोणाला किती माल दिला, कोणाकडून किती येणे आहे, हे त्या मुलालाच ठाऊक. एके दिवशी हा मुलगा अचानक कोसळला. वाचा गेली, हातपाय थांबले. शहरातल्या हकिमांनी हात टेकले. मुलगा तर चाललाच होता, त्याच्याबरोबर सगळा हिशेबही चालला होता. तेव्हा कोणीतरी बापाला सुचवले की, या दुखण्याची जाण असलेला माणूस त्याच्या शेजारीच राहतो.

तो शेजारी म्हणजे अबू यूसुफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी. अरबांचे पहिले तत्त्वज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अल-किफ्ती यांनी ही हकिकत सांगितली आहे. तिचा शेवट समजून घ्यायचा तर आधी अल-किंदी यांचे आयुष्य पाहावे लागते.

अल-किंदी यांचा जन्म साधारण इसवी सन ८०१ चा. घराणे अरबस्तानातल्या किंदा या मातब्बर टोळीचे. वडील इसहाक हे कूफा शहराचे सुभेदार होते. शिक्षणासाठी मुलगा बगदादला आला, तेव्हा ते शहर ज्ञानाची मोठी पेठ झाले होते. खलिफा मामून यांच्या काळात (८१३ ते ८३३) ग्रीक, सुर्यानी, फारसी आणि संस्कृत ग्रंथ अरबी भाषेत येत होते. अल-किंदी यांनी आपल्याभोवती अनुवादकांचा एक गट जमवला. अॅरिस्टॉटलचा तत्त्वज्ञानावरचा मुख्य ग्रंथ त्यांच्यासाठीच अरबीत उतरवला गेला. सत्य दूरच्या लोकांकडून, परक्या समाजाकडून आले तरी ते स्वीकारायला लाजू नये, असे त्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले. बोलण्याप्रमाणे ते वागलेही. भारतातून गेलेल्या अंकांच्या वापरावर त्यांनी चार भागांचा ग्रंथ लिहिला. गुप्त लिपी उकलण्याची त्यांची पद्धतही प्रसिद्ध आहे. मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजायचे आणि त्यावरून मूळ शब्द शोधायचा.

खलिफा मुतसिम यांनी आपल्या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. दरबारात मान होता, घरात ग्रंथांचा मोठा साठा होता.

संगीत हा त्यांच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग होता. संगीत योग्य की अयोग्य, याबद्दल मुस्लिम विद्वानांत पूर्वीपासून मतभेद आहेत. अल-किंदी त्याकडे इल्म म्हणून, म्हणजे एक विद्या म्हणून पाहत. अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत या गणिताच्या चार शाखा, आणि त्या शिकल्याशिवाय तत्त्वज्ञान कळत नाही, असे त्यांचे मत होते. अरबी भाषेतले संगीतशास्त्रावरचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ग्रंथ त्यांचेच. स्वर अक्षरांनी लिहून दाखवण्याची रीत त्यांनी वापरली.

त्यांचे वाद्य ऊद. आखूड मानेचे, फुगीर पोटाचे हे तंतुवाद्य. त्या काळी त्याला चार तारा असत. सर्वांत जाड तार ती बम, मग मसलस, मग मसना आणि सर्वांत बारीक ती झीर. दोन सप्तके पूर्ण व्हावीत म्हणून अल-किंदी यांनी पाचव्या तारेचाही विचार मांडला. पण त्यांचे खरे लक्ष होते ते या तारांच्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे. युनानी वैद्यकात शरीरात चार रस मानतात. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. आयुर्वेदातल्या वात, पित्त, कफाची ओळख असलेल्यांना ही मांडणी अगदी परकी वाटणार नाही. अल-किंदी यांनी एकेक तार एकेका रसाशी जोडली. झीर पिवळ्या पित्ताशी आणि अग्नीशी, मसना रक्ताशी. ऋतू आणि दिवसाचे भागही त्यांनी असेच तारांना वाटून दिले.

सुरावटींचे त्यांनी तीन प्रकार केले. मन आकसून घेणाऱ्या, म्हणजे दुःखाच्या. मन फुलवणाऱ्या, म्हणजे आनंदाच्या. आणि मनाला तोल देणाऱ्या. तालांनाही त्यांनी वेळ नेमून दिली. दिवस सुरू होताना उदार आणि भारदस्त ताल. भर दिवसा, अंगात जोर असताना, धाडसाचे ताल. दिवस कलताना आनंदाचे. आणि झोपेच्या वेळी, मन थकून खाली बसते तेव्हा, करुण आणि संथ ताल. हिंदुस्थानी संगीतात प्रहर पाहून राग गातात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातली दृष्टी लगेच ओळखू येईल. कवितेला चाल लावणाऱ्यालाही त्यांचे सांगणे होते. आधी शब्दांचा अर्थ पाहावा आणि मग ताल निवडावा. शोकाच्या कवितेला जड, संथ ताल आणि आनंदाच्या कवितेला हलका, चपळ ताल. वैद्य जसा रोग्याची प्रकृती पाहून औषध देतो, तसे वादकाने ऐकणाऱ्याची प्रकृती पाहून वाजवावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

पुढे काळ बदलला. खलिफा मुतवक्किल (८४७ ते ८६१) यांच्या दरबारात मूसा यांच्या मुलांचे, म्हणजे बनू मूसा या विद्वान भावांचे वजन वाढले. भाऊ हुशार होते, यंत्रशास्त्रात नावाजलेले होते, पण दुसऱ्या विद्वानाचे नाव झालेले त्यांना खपत नसे. त्यांनी खलिफाचे कान भरले. अल-किंदी यांना मारहाण झाली आणि त्यांचे सगळे ग्रंथ जप्त करून बसऱ्याला नेऊन ठेवण्यात आले. आयुष्यभर जमवलेले धन एका हुकमाने घराबाहेर गेले.

ते परत आले ते एका कालव्यामुळे. खलिफाने आपल्या नव्या शहरासाठी कालवा खणण्याचे काम या भावांकडे दिले. त्यांनी नेमलेल्या माणसाची मोजणी चुकली. कालव्याचे तोंड बाकीच्या भागापेक्षा खोल झाले, त्यामुळे नदीला पूर असेल तेवढेच दिवस त्यात पाणी वाहणार होते. खलिफाच्या कानावर हे गेले. तपासणीसाठी त्याने सिंद इब्न अली या गणितज्ञाला बोलावले. भावांनी आजवर ज्याला दरबारापासून दूर ठेवले होते, त्याच्याच हातात आता त्यांचा जीव होता. सिंदने अट घातली. अल-किंदी यांचे सगळे ग्रंथ आधी परत करा आणि ते मिळाल्याची त्यांच्या हातची पोच आणा, मगच पुढचे बोलू. ग्रंथ परत आले, पोच मिळाली आणि मग सिंदने भावांना सांभाळून घेतले. स्वतःसाठी काही न मागता त्याने एका विद्वानाची पुस्तके मागितली.

असे गमावण्याचे दुःख ज्यांना ठाऊक होते, त्या अल-किंदी यांनी एका मित्रासाठी दुःख दूर करण्याच्या उपायांवर छोटा ग्रंथ लिहिला. आवडते ते हरवले किंवा हवे ते मिळाले नाही, म्हणजे मनाला होणारी वेदना ते दुःख, अशी त्यांनी व्याख्या केली. जगातल्या सगळ्या वस्तू उसन्या आहेत आणि देणाऱ्याने आपली वस्तू परत मागितली तर रागवायचे कारण नाही, हा त्यांचा मुख्य विचार. त्यात सिकंदराची एक गोष्ट आहे. मरण जवळ आल्यावर त्याने आईला कळवले की, एक भव्य नगर उभारावे आणि त्याच्या मृत्यूची बातमी येताच सगळ्यांना मेजवानीला बोलवावे. मात्र ज्याच्यावर कधी आपत्ती आली नाही त्यानेच यावे. नगर उभे राहिले, ताटे मांडली गेली, पण कोणीच आले नाही. मुलाने जाता जाता आपले सांत्वन केले, हे आईला उमगले. किसा गोतमी मोहरीचे दाणे मागत दारोदार फिरली, ती कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. दोन्ही आयांना एकाच ठिकाणी उत्तर सापडले.

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या घरी. स्वतः जायला त्याला तोंड नव्हते. अल-किंदी यांच्या एका मित्राला त्याने मध्ये घातले. अल-किंदी यांनी जुने बोलणे मनात धरले नाही. ते लगेच आले, मुलाची नाडी पाहिली आणि ऊद वाजवण्यात तरबेज असलेल्या आपल्या चार शिष्यांना बोलावून घेतले. कोणत्या सुरावटीने मन खचते आणि कोणत्या सुरावटीने बळ येते, हे त्या चौघांना शिकवलेले होते. मुलाच्या उशाशी बसून त्यांनी ठरावीक सुरावट वाजवायला घेतली. अल-किंदी यांचे बोट नाडीवरच होते. हळूहळू श्वास खोल झाला, नाडी वर आली. मुलगा हलला, उठून बसला, बोलू लागला.

अल-किंदी यांनी बापाला घाई करायला सांगितली. जे विचारायचे ते विचारून लिहून घ्यावे. बाप विचारत गेला, मुलगा सांगत गेला. येणे, देणे, नावे, रकमा सगळे कागदावर उतरले. तेवढ्यात वादकांचे भान सुटले आणि ते त्या सुरावटीवरून दुसरीकडे गेले. मुलगा पुन्हा आडवा झाला, पहिल्यासारखा निश्चल. बापाने विनवले की, पुन्हा वाजवायला सांगा. अल-किंदी यांनी नकार दिला. मुलाच्या आयुष्याचा जो थोडा भाग शिल्लक होता तो संपला आहे आणि ठरलेली मुदत वाढवणे कोणत्याही माणसाच्या हाती नाही, असे त्यांनी समजावले.

मनाचा प्रहर पाहून सूर निवडायचा, पण सुराकडून तो देऊ शकतो तेवढेच मागायचे, ही त्यांची समज या हकिकतीत दिसते. संगीताने मरण टळले नाही. बापाला मुलाशी शेवटचे बोलायला वेळ मात्र मिळाला. त्या वेळेत त्याने हिशेब विचारला.

साधारण ८७३ मध्ये अल-किंदी यांचे बगदादला निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे २६० ग्रंथांची नोंद आहे. त्यांतले बहुतेक आज उरलेले नाहीत. विचार मात्र पुढे चालत राहिला. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरे यांनी १४८८ मध्ये पूर्ण केलेल्या रुग्णालयात रोग्यांसाठी वादक नेमलेले असत. ठरावीक दिवशी ते येत आणि मन हरवलेल्या रोग्यांसमोर बसून वाजवत.