४४५ दिवसांचे वर्ष

मुलांनो, ज्युलियस सीझर सेनापती म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हा हिशेबी मंडळींना मात्र त्याचे इ.स.पू. ४६ हे वर्ष आवडते. रोमचे वर्ष ३५५ दिवसांचे. आपल्या अधिक महिन्यासारखा जादा महिना घालून ते ऋतूंशी जुळवायचे काम पुरोहितांचे, आणि इ.स.पू. ६३ पासून मुख्य पुरोहित सीझरच! पण तो वर्षानुवर्षे लढायांत गुंतलेला. सुगीचे सण सुगीत येईनात. अखेर त्याने त्या एका वर्षात ९० दिवस जादा घातले. पुढे वर्ष ३६५ दिवसांचे, दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला त्याचा खून झाला. मग पुरोहितांनी मोजण्यात चूक करून दर तिसऱ्या वर्षीच लीप वर्ष धरले! तो घोळ पुढे ऑगस्टसने निस्तरला.