शेतकऱ्यांना गुरू मानणारा शास्त्रज्ञ

शेतातील पालापाचोळा, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोठ्यातील शेण या वस्तू पुष्कळांना निरुपयोगी वाटतात. परंतु याच केरकचऱ्यात भूमीचे अन्न दडलेले आहे, हे ज्यांनी जगाला पटवून दिले, त्यांत सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव अग्रगण्य आहे.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत रुजू झाले. ते येथील शेतकऱ्यांना शिकवावयास आले होते. पण भोवतालची शेते पाहून ते स्वतःच विद्यार्थी बनले. औषधांची फवारणी नाही, विकतचे खत नाही; तरीही तेथील पिके निरोगी होती! याचे मूळ जमिनीच्या सुपीकतेत असले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

१९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पतिसंशोधन संस्था स्थापन झाली व हॉवर्ड तिचे संचालक झाले. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जळत. मग शेताला खत कोठून मिळणार? यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी यावर उपाय शोधला. खड्ड्यात काडीकचऱ्याचा थर देऊन त्यावर थोडे शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख पसरावयाची, पाणी शिंपडावयाचे आणि ढीग अधूनमधून वरखाली करावयाचा. बुरशी व जीवाणू कामास लागत, ढीग तापे आणि सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होई. हीच प्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ होय.

रासायनिक खत पिकाला नत्र, स्फुरद व पालाश तत्काळ पुरविते. परंतु मातीतील असंख्य सूक्ष्मजीवांची भूक केवळ त्याने भागत नाही. त्यांना सेंद्रिय पदार्थ लागतात. ते कुजवून हे जीव पिकांसाठी अन्नद्रव्ये हळूहळू मोकळी करतात व माती भुसभुशीत राखतात.

हॉवर्ड यांनी रासायनिक खतांवर कठोर टीका केली. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला. त्यांची काही मते पुढेही मान्य झाली नाहीत. आज दोन्ही प्रकारच्या खतांचा योग्य मेळ घालावा, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र माती सजीव आहे, हा त्यांचा विचार टिकून राहिला.

१९४७ मध्ये हॉवर्ड यांचे निधन झाले. भूमीकडून जे घ्यावे, ते तिला परत द्यावे, हाच त्यांच्या जीवनाचा संदेश आहे.